पऱ्हाट्यांचं तेल

आमच्याकडे, परभणी जिल्ह्यात, कापसाची शेवटची वेचणी झाली की रानात पऱ्हाट्या उरतात. करड्या, वाळून कडक झालेल्या, टोकाला रिकामी बोंडं लटकलेली. पूर्वी त्या चुलीला लागायच्या. घरोघरी गॅस आल्यापासून बहुतेक जण बांधावर ढीग करतात आणि काडी लावून मोकळे होतात. ठेवूनही चालत नाही, कारण फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही त्याच झाडांचं लांबवलेलं पीक, घेतली किंवा पऱ्हाट्या तशाच उभ्या राहिल्या की गुलाबी बोंडअळीची पुढच्या वर्षाची सोय होते. मी शाळेत असताना सुट्टीत चिमट्यानं पऱ्हाट्या उपटल्या आहेत. तळहाताला आलेले फोड अजून आठवतात.

त्यामुळे पुण्यात पीएचडीला लागल्यावर सरांनी विचारलं, "बायोमास कुठलं घेणार?" तेव्हा मी पटकन पऱ्हाट्या म्हणाले. लॅबमधले बाकीचे उसाच्या चिपाडावर होते. पण चिपाडाला कारखान्याचा बॉयलर हे हक्काचं गिऱ्हाईक आहे. पऱ्हाटीला कोण विचारतं?

विषय सांगायला सोपा होता. वाळलेल्या काडीपासून तेल काढायचं, त्या तेलाचं डिझेल-पेट्रोलच्या जवळ जाणारं इंधन करायचं आणि त्यासाठी लागणारा उत्प्रेरक, म्हणजे आमच्या बोलण्यात कॅटॅलिस्ट, स्वस्त धातूचा बनवायचा. प्लॅटिनम, पॅलेडियम, रुथेनियम ही कामं झकास करतात, पण त्यांचा भाव ग्रॅमवर चालतो. प्लॅटिनमच्या एका ग्रॅमला हजारो रुपये पडतात, तर निकेल दोन हजारांच्या आत किलोभर येतं. लोखंड तर जवळजवळ फुकटच. तेलशुद्धीकरण कारखान्यांत कोबाल्ट-मॉलिब्डेनमचे कॅटॅलिस्ट वर्षानुवर्षं चालतात, पण ते जागे राहायला गंधक लागतं. काडीच्या तेलात गंधक नावाला असतं, म्हणजे ते वरून घालत बसा. सरांना ते नको होतं. मलाही नको होतं.

निकेल या कामाला नवखा नाही. पॉल साबातिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला १९१२ साली नोबेल मिळालं ते निकेलसारख्या धातूंच्या बारीक भुकटीनं सेंद्रिय संयुगांना हायड्रोजन जोडता येतो, हे दाखवल्याबद्दल. आपल्या आजीच्या पिढीला ज्या वनस्पती तुपाचा राग होता, तेही निकेलच्या भुकटीवर तेलाला हायड्रोजन पाजूनच घट्ट केलेलं असायचं. मी घरी हे सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "म्हणजे तू डालडाच करायलीस की." चुकीचं नव्हतं तिचं.

आधी तेल. पऱ्हाट्या दळून, चाळून, पाण्यात भिजवून धुतल्या. धुवायच्या कशासाठी, तर काडीत पोटॅशियम असतं. ते राहिलं तर तापवताना कोळसा जास्त पडतो आणि तेल कमी मिळतं. अण्णांना फोनवर हे सांगितलं तर ते बराच वेळ हसत होते. "पऱ्हाट्यांना आंघोळ घालायला पुण्याला गेलीस व्हय?" धुऊन वाळवलेला भुसा क्वार्ट्‌झच्या नळीत भरायचा, नायट्रोजन सोडून हवा हाकलायची आणि भट्टी ५०० अंशांवर न्यायची. हवा नसल्यानं काडी जळत नाही, फुटते. वाफा निघतात, त्या बर्फात बसवलेल्या बाटलीत गार होतात. एका वेळी तीसेक ग्रॅम भुसा बसायचा. किलोभर पऱ्हाट्या संपवायला तेहेतीस वेळा नळी भरा, उतरवा, घासा. त्या महिन्याभरात माझ्या ओढणीला, केसांना, डब्यातल्या पोळ्यांनासुद्धा हुरड्याच्या आगटीचा वास यायचा. होस्टेलवरच्या मुली आधी हसल्या, मग खिडकी उघडी ठेवायला लागल्या.

बाटलीत जे जमतं त्याला बायो-ऑइल म्हणतात, पण त्याला तेल म्हणणं म्हणजे मोठा उदारपणा आहे. काळपट तपकिरी, आंबट, नाकात व्हिनेगरसारखं झोंबणारं. वजनाच्या पाव हिस्सा तर पाणीच. शिवाय त्यात ऑक्सिजन खच्चून भरलेला. म्हणून जाळलं तर डिझेलच्या निम्म्याहूनही कमी उष्णता देतं. ॲसेटिक आम्लामुळे धातू खातं. आणि ठेवलं तर खराब होतं. मे महिन्यात मी दोन आठवडे गावी गेले आणि एक बाटली कपाटात विसरले. परत आले तर ती काकवीसारखी घट्ट झाली होती, ड्रॉपर आत उभा राहत होता. त्यातली संयुगं एकमेकांना धरून साखळ्या करत बसतात. हा ऑक्सिजन काढायचा असेल तर हायड्रोजन द्यायचा, म्हणजे ऑक्सिजन पाणी होऊन निघून जातो. कॅटॅलिस्टचं काम तेवढं घडवून आणायचं.

आता कॅटॅलिस्ट बनवण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझा सगळा जीव तिथेच अडकलेला होता.

निकेल नायट्रेटचे खडे पाचूसारखे हिरवे असतात. हवेतली ओल पटकन ओढतात, म्हणून बाटलीचं झाकण उघडं राहिलं की चिकट गोळा होतो. दहा ग्रॅम कॅटॅलिस्टमध्ये एक ग्रॅम निकेल हवं असेल तर हे खडे पाच ग्रॅमला थोडे कमी घ्यावे लागतात, कारण त्यात निकेल पाचवा हिस्साच असतं. उरलेले नऊ ग्रॅम ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची, पांढरी पूड. ही पूड दिसते सपाट, पण आतून भोकाभोकांची असते. तिला किती पाणी प्यायला लागतं ते आधी मोजायचं. थेंब थेंब पाणी टाकत काचेच्या कांडीनं ढवळत राहायचं. पूड कोरडीच दिसत राहते, कोरडीच दिसत राहते आणि मग एका थेंबाला अचानक थापीव भाकरीच्या पिठासारखी जड होते. तो आकडा लिहून ठेवायचा. मग तेवढ्याच पाण्यात निकेलचे खडे विरघळवायचे आणि तो हिरवा पाक नव्या पुडीवर तसाच थेंबाथेंबानं पाजायचा. जास्त झालं तर निकेल बाहेरच्या अंगाला साकळतं. रात्रभर ११० अंशांना वाळवायचं, मग ४५० अंशांना भाजायचं. भाजताना नायट्रेट फुटून तांबूस धूर निघतो. तो छातीत गेला तर वाईट, म्हणून भट्टी धूर ओढणाऱ्या कपाटातच. शेवटी हायड्रोजनमध्ये तापवलं की निकेल ऑक्साइडचं काळं निकेल होतं.

मास्क आणि हातमोजे हे सरांचं पहिलं कलम. खोट्या कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात, त्यांना निकेलचा हिसका माहीत असतो. भुकटी श्वासात गेली तर गोष्ट कानापुरती राहत नाही. निकेलची संयुगं कर्करोग करतात. स्वस्त धातू म्हणताना ही बाजू लोक विसरतात.

पहिली पूड मी मनासारखी केली. दुसरी, जी जास्त प्रमाणात हवी होती, ती रात्री अकराला भट्टीत ठेवली आणि झोपेत ४५०च्या जागी ८५० टाकून निघून गेले. सकाळी झाकण उघडलं तर मूस भरून निळी पूड. आकाशी म्हणावी अशी. मला आधी वाटलं कोणीतरी चेष्टा केली. सीनिअर दादानं बघितलं आणि म्हणाला, "नीळ केलीस. कपड्यांना घालायची." झालं असं, की एवढ्या उष्णतेला निकेल ॲल्युमिनाच्या आतच शिरतं आणि दोघांचं मिळून निकेल ॲल्युमिनेट होतं. त्यातून निकेल पुन्हा बाहेर काढायचं तर हायड्रोजनमध्ये ७०० अंशांच्या वर न्यावं लागतं. म्हणजे निकेल आहे, मोजलं तर पूर्ण भरतं, पण कामाला येत नाही. सरांनी ती पूड टाकू दिली नाही. काचेच्या बाटलीत भरून माझ्या टेबलासमोरच्या खिडकीत ठेवायला लावली. अजून तिथेच आहे.

बायो-ऑइलमध्ये शेकडो संयुगं असतात. सुरुवात त्यातल्या एकावरच करायची अशी रीत आहे. मी ग्वायकॉल घेतलं. लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनमधून येतं, धुराचा वास बराचसा त्याचाच. बंद पोलादी भांड्यात ग्वायकॉल, विद्रावक म्हणून डेकेन, चिमूटभर कॅटॅलिस्ट, वरून चाळीस बार हायड्रोजन आणि ३०० अंश. हायड्रोजनचं लाल सिलिंडर, त्याचे आटे उलटे, डाव्या हाताचे. पहिल्यांदा पान्हा फिरवताना मी उलटीकडेच जोर लावला होता. दाब भरला की प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहायचं. एकदा सगळं नीट असून रात्रीतून दाब खाली आला. तीन दिवस शोधल्यावर वॉशरवर केसाएवढी चीर सापडली.

निकेल-ॲल्युमिनानं ग्वायकॉल जवळजवळ सगळं संपवलं. जीसीच्या, म्हणजे मिश्रणातली संयुगं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या यंत्राच्या, कागदावर सायक्लोहेक्झेनचं, म्हणजे ऑक्सिजन पूर्ण निघून गेलेल्या संयुगाचं, शिखर उंच उभं होतं. मी त्याचा फोटो अण्णांना पाठवला. त्यांना ते शेअर बाजाराचं काहीतरी वाटलं.

मग लोखंड. लोखंड आळशी आहे, त्याला ४००च्या आसपास तापमान लागतं. पण त्याची एक खोड फार उपयोगी पडते. ग्वायकॉलच्या एका रेणूपासून सायक्लोहेक्झेन करायला हायड्रोजनचे पाच रेणू लागतात. बेंझिनवर थांबलात तर दोनच. निकेल हावरट आहे, ऑक्सिजन काढतं आणि रेणूतल्या सहा कार्बनच्या कड्यालाही हायड्रोजन चिकटवत सुटतं. लोखंड शक्यतो ऑक्सिजनपुरतंच काम करून कड्याला हात लावत नाही. हायड्रोजन फुकट येत नाही, म्हणून हे तीन रेणू वाचणं म्हणजे पैसेच. दोन्ही धातू एकत्र पाजून मी निकेल-लोखंडाची पूड केली. तिची चाल दोघांच्या मधली निघाली.

या आनंदात वार्षिक आढाव्याला गेले. स्लाइडवर मोठ्या अक्षरात प्लॅटिनमचा भाव आणि शेजारी माझ्या पुडीचा भाव. समितीत एक निवृत्त इंजिनिअर होते, उभी हयात रिफायनरीत गेलेली. त्यांनी चष्मा पुसत एवढंच विचारलं, "एक किलो कॅटॅलिस्ट मरायच्या आधी किती किलो तेल काढतो?"

माझ्याकडे आकडा नव्हता. मी एकच पूड दोनदा कधी वापरलीच नव्हती. खऱ्या बायो-ऑइलला तर हातच लावला नव्हता. ते पुढे म्हणाले, "प्लॅटिनम परत मिळतं हो. कंपन्या जुना कॅटॅलिस्ट विकत घेऊन धातू काढून देतात. तुमचं स्वस्त आहे म्हणून फेकून द्यायचं, आणि रोज नवं करायचं, याचा हिशेब केलाय का?" मी नाही म्हणाले. बाहेर येऊन चहा घेतला, तो गेला नाही.

खऱ्या बायो-ऑइलनं माझ्या पुडीचं काय केलं ते सांगायला दोन ओळी पुरतील. पहिल्या खेपेला थोडं काम झालं, दुसऱ्या खेपेला भांड्याच्या तळाशी डांबरासारखा थर बसला, तिसऱ्या खेपेला काहीच नाही. खरवडून काढलेली पूड एक्स-रेला पाठवली, त्यात कुठल्या कोनाला शिखर येतं त्यावरून पुडीत कुठले स्फटिक आहेत ते कळतं. तिथल्या रांगेत अठरा दिवस गेले. कागद आला तर १४.५ अंशांच्या कोनावर एक शिखर, जे माझ्या पुडीत असायलाच नको होतं. बोहेमाइट. गरम पाण्यात, २०० अंशांच्या वर, ॲल्युमिना पाणी पिऊन बोहेमाइट होतो आणि आतली भोकं बुजतात. डेकेनमध्ये पाणी नव्हतं म्हणून ग्वायकॉलच्या वेळी हे कळलंच नाही. बायो-ऑइलमध्ये पाव हिस्सा पाणी, आणि मी त्यात पाण्यानं विरघळणारं घर बांधून दिलं होतं.

एवढ्यावर भागलं नाही. निकेल कमी झालेलं दिसत होतं. ते गेलं कुठे? काळ्या तेलात रंग कळत नाही, म्हणून मी पाण्यात थोडं ॲसेटिक आम्ल घालून त्यात पूड टाकली आणि झाकून गरम करत ठेवली. संध्याकाळी गाळलं तर गाळणीखालच्या बाटलीत पाणी हिरवं. फिकट, कैरीच्या पन्ह्यासारखं. मी खुर्चीत बसून किती वेळ त्या बाटलीकडे पाहत होते कोण जाणे. माझं निकेल बाटलीत होतं.

यानंतर काम वेगळ्या दिशेनं गेलं. कॅटॅलिस्टला आम्लात टिकाऊ करण्याऐवजी आम्लच त्याच्यापुढून काढून टाकावं, असं दादानं सुचवलं. बायो-ऑइल बर्फाच्या पाण्यात थेंबाथेंबानं सोडून जोरात घुसळलं की साखरा आणि आम्लं पाण्यात जातात आणि लिग्निनचा भाग तपकिरी भुकटीसारखा खाली बसतो. ताक घुसळून लोणी काढावं तसंच, फक्त इथे लोणी बुडतं. घुसळणं मंद पडलं तर मात्र भुकटीऐवजी चिकट गोळा होतो आणि तो काचेवरून सुटता सुटत नाही. ती भुकटी वाळवून आयसोप्रोपेनॉलमध्ये विरघळवली आणि भांड्यात घातली. आम्ल बरंच कमी झालं. अर्थात तेलही कमी झालं, कारण साखरांचा हिस्सा पाण्यासोबत गेला. तो दुसऱ्या कोणाला तरी आंबवायला देता येईल असं मी प्रबंधात लिहिलं आहे, पण केलेलं नाही.

ॲल्युमिनाच्या जागी काय? झिर्कोनिया गरम पाण्यात टिकतो, पण महाग पडतो. मग नळीत उरलेल्या कोळशाकडे लक्ष गेलं. तेलामागे तेलाइतकाच कोळसा पडायचा आणि मी तो पोत्यात भरून बाजूला टाकत होते. तो आम्लानं धुतला, पोटॅशवर भाजून त्याची भोकं मोकळी केली, परत धुतला आणि त्याला निकेल-लोखंडाचा पाक पाजला. कोळशाला पाणी प्यायला वेळ लागतो. पहिले थेंब वर मोत्यासारखे उभे राहतात. थोडं स्पिरिट मिसळलं की मुकाट्यानं पितो. भाजायचं मात्र हवेत नाही, नायट्रोजनमध्ये. आमच्या एका ज्युनिअरनं सवयीनं हवेत भाजलं आणि सकाळी मुशीत चमचाभर राख मिळाली.

इथे एक गोष्ट आयती पदरात पडली. नायट्रोजनमध्ये ५०० अंशांना भाजलेली पूड हायड्रोजन न देताच निकेल धातूची शिखरं दाखवत होती. कोळशानं स्वतःच निकेल ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतला होता. लोहाराच्या भट्टीत जे होतं तेच. एक आख्खी पायरी वाचली. आणि ही पूड चुंबकाला चिकटते, त्यामुळे गाळत बसायला नको. फ्रिजवरचा चुंबक बाटलीच्या बाहेरून लावला की काळी पूड काचेला केसाळ सुरवंटासारखी चिकटून बसते, तेल निवांत ओतून घ्यायचं.

पण कोळशाची अडचण आहेच. कॅटॅलिस्टवर बसलेली काजळी हवेत जाळून त्याला ताजा करतात. इथे काजळीबरोबर घरही जळतं. म्हणून धुऊन, पुसून जितक्या खेपा चालेल तितका चालवायचा. माझा पाच खेपा बरा चालला, सहाव्याला ढेपाळला. पाच हा काही अभिमानानं सांगण्यासारखा आकडा नाही. कारखान्यात कॅटॅलिस्ट महिनोन्‌महिने चालावा लागतो. तोंडावर सांगितलेलं बरं.

मेलेल्या पुडीचं काय करायचं हा प्रश्न त्या इंजिनिअर काकांनी विचारला तेव्हापासून डोक्यात होता. सोपं निघालं. जाळायची. कोळसा जळून उष्णता देतो, मागे राख उरते आणि राखेत निकेल-लोखंडाचे ऑक्साइड. ती राख नायट्रिक आम्लात गरम केली, म्हणजे दोन्ही धातू आम्लात विरघळतात.

या हिवाळ्यात अण्णा पुण्याला आले, तेव्हा मी त्यांना लॅबमध्ये नेलं. आधी तेल दाखवलं. किलोभर पऱ्हाट्यांमागे शेवटी हाती येतं ते टपरीवरच्या कटिंगएवढं, फिकट पिवळं. त्यांनी वास घेतला आणि विचारलं, "याच्यावर ट्रॅक्टर चालंल?" म्हटलं, नुसत्या याच्यावर नाही, डिझेलमध्ये थोडं मिसळून कदाचित, आणि आत्ता तरी डिझेलपेक्षा महागच पडेल. त्यांनी मान डोलावली. सोयाबीनचा भाव ऐकतात तशी.

मग त्यांना आम्लात विरघळवलेल्या त्या राखेची बाटली दाखवली. गाळणीच्या कागदावर वाळूचा पांढरट चिखल राहिला होता, तो काडीतल्या मातीचा. खालच्या बाटलीत लोखंडानं पिवळट झालेलं पाणी. त्यात अमोनिया थेंब थेंब सोडल्यावर लोखंड विटकरी गाळ होऊन बसायला लागलं. घाईनं जास्त टाकला तर निकेलही निळं होऊन गोंधळ घालतं, म्हणून मी श्वास धरून थेंब मोजत होते. परत गाळलं. या वेळी खाली हिरवं पाणी आलं, पाचूसारखं. सगळं निकेल परत आलं नाही. थोडं त्या विटकरी गाळात अडकलं, थोडं आधीच तेलातून गेलेलं. पण बरंचसं आलं.

"हे आता टाकून द्यायचं का?" अण्णांनी विचारलं.

"नाही. आटवून परत कोळशाला पाजायचं."

त्यांनी बाटली उजेडाकडे धरून पाहिली, मग खिडकीतल्या निळ्या पुडीकडे बोट दाखवून म्हणाले, "अन्‌ ते कशाला ठेवलंय?"

मी म्हटलं, तो नंबर चुकल्याचा दंड आहे. आणि परत विचारलं, यंदा पऱ्हाट्या कधी काढणार, कारण मला दोन पोती लागणार आहेत, आणि या वेळी मुळं झटकून आणा, माती फार येते.